लोकसभा : कनिष्ठ सभागृहाची घडण आणि इंदूर

भारतीय संसदेचे कनिष्ठ सभागृह असलेली लोकसभा १७ एप्रिल १९५२ रोजी प्रथम गठित झाली आणि १३ मे १९५२ रोजी तिची पहिली बैठक भरली. या सभागृहाची पाळेमुळे मात्र त्याआधीच्या तीन दशकांतील कायद्यांत, निवडणुकांत आणि संघर्षांत शोधावी लागतात, आणि इंदूरसारख्या संस्थानी राजधानीच्या बाजूने पाहिल्यास ही तीन दशके मुख्यतः प्रतिनिधित्वाच्या अभावाची ठरतात. संसदीय परिभाषेत कनिष्ठ सभागृह म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडलेले सभागृह; राज्यांच्या विधानसभांच्या सदस्यांकडून निवडली जाणारी राज्यसभा हे वरिष्ठ सभागृह. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेलाच जबाबदार असते आणि देशाच्या तिजोरीवरील अंतिम अधिकारही तिच्याकडेच असतो, त्यामुळे सत्तेचा गुरुत्वमध्य या सभागृहातच आहे.

ब्रिटिश भारतात दोन सभागृहांचे केंद्रीय विधिमंडळ १९१९ च्या कायद्याने आले. त्यातील कनिष्ठ सभागृह म्हणजे केंद्रीय विधानसभा फेब्रुवारी १९२१ मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात दिल्लीत ज्या वर्तुळाकार संसद भवनाची कोनशिला बसवण्यात आली, ते पुढे १८ जानेवारी १९२७ रोजी खुले झाले. इंदुरात खान नदीच्या काठचा लालबाग राजवाडा, ज्याचे बांधकाम १८८६ च्या सुमारास सुरू झाले होते, तोही तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात १९२१ मध्येच पूर्णत्वास गेला. इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेले, बकिंगहॅम राजवाड्याच्या दारांच्या धर्तीवरचे त्याचे भव्य लोखंडी दरवाजे, संगमरवरी खांब आणि झुंबरांनी उजळलेली दालने पाहिली म्हणजे त्या काळच्या होळकरशाहीच्या वैभवाची कल्पना येते. परंतु या वैभवाखाली नांदणाऱ्या प्रजेला दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत एकही मत नव्हते, कारण ती सभा केवळ ब्रिटिश भारतापुरती होती. संस्थानांच्या बाजूने बोलण्यासाठी नरेंद्र मंडळ ही स्वतंत्र सभा नेमलेली होती आणि तिच्यात राजे बसत, रयत नव्हे. नव्या संसद भवनात या नरेंद्र मंडळासाठी वेगळे दालन राखलेले होते, हे त्या व्यवस्थेचे पुरेसे बोलके चित्र आहे.

१९३५ च्या कायद्याने ही दरी बुजवण्याचा एक विचित्र प्रयत्न झाला. त्या कायद्यात कल्पिलेल्या संघराज्याच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा होत्या आणि त्यांपैकी १२५ संस्थानांसाठी राखलेल्या होत्या, मात्र त्या भरण्याचा अधिकार संस्थानिकांचा होता. म्हणजे होळकर दरबाराने नेमलेला माणूस इंदूरच्या रयतेच्या नावाने कनिष्ठ सभागृहात बसला असता आणि त्या रयतेला त्याला परत बोलावण्याचा कोणताही मार्ग नसता. पुरेशी संस्थाने सामील न झाल्यामुळे हे संघराज्य अस्तित्वातच आले नाही, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ते न आलेलेच बरे झाले असे म्हटल्यास चूक होणार नाही. मराठी राजघराण्यांच्या काही संस्थानांत मात्र प्रतिनिधित्वाचे प्रयोग आपापल्या परीने चालू होते : बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये धारा सभा स्थापन केली, ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात प्रजासभा आणि सामंतसभा अशी दोन सभागृहांची रचना आली, ज्यांतील प्रजासभा हे कनिष्ठ सभागृह होते, आणि लहानशा औंध संस्थानाने १९३९ मध्ये राजसत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना स्वीकारली. यांतील पहिल्या दोन ठिकाणी अंतिम शब्द राजाचाच राहिला. सभेपुढे प्रश्न मांडता येतात, अंदाजपत्रकावर बोलता येते, एवढी सवय तरी मराठी भाषक कारभारी वर्गाला या प्रयोगांतून लागली, आणि पुढील काळात ती उपयोगी पडली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संविधान सभा भरली तेव्हा संस्थानांच्या वाट्याला ९३ जागा आल्या. मध्य भारताच्या प्रतिनिधींमध्ये इंदूरचे विनायक सीताराम सरवटे, म्हणजे शहराला परिचित असलेले तात्यासाहेब सरवटे, होते. त्यांचे नाव आज मुख्यतः सरवटे बसस्थानकामुळे रोज हजारो प्रवाशांच्या तोंडी असते, पण ते नाव ज्यांचे आहे त्यांनी भारताच्या संविधानावर सदस्य म्हणून सही केली आहे, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. प्रौढ मताधिकाराने निवडलेले सभागृह देशाला देणाऱ्या संविधानाच्या या शिल्पकाराला स्वतःला मात्र त्या सभागृहात कधीच बसता आले नाही; १९५२ च्या निवडणुकीत मुंबईतून आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून त्यांचा पराभव झाला आणि त्यांचे संसदीय कार्य राज्यसभेतून झाले. महू हा आजही इंदूर जिल्ह्याचा भाग असला तरी लोकसभेच्या मतदारसंघाच्या दृष्टीने तो धारमध्ये मोडतो.

होळकर संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्व १९४८ मध्ये संपले. एप्रिलमध्ये झालेल्या करारान्वये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील अन्य संस्थाने मिळून मध्य भारत हे संघराज्य बनले आणि २८ मे १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, तर यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी विभागली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला. तेवढ्या अवधीत येथील मतदारांनी लोकसभेची पहिली निवडणूक पाहिली होती.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या त्या निवडणुकीत देशभरातून ४८९ सदस्य निवडून द्यायचे होते. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होते. शिक्षण, मालमत्ता किंवा कर यांची कोणतीही अट नव्हती. तीन दशकांपूर्वी ज्या शहराला दिल्लीत एकही प्रतिनिधी नव्हता, त्या इंदुरातून काँग्रेसचे नंदलाल जोशी लोकसभेत गेले. मध्य भारताच्या उत्तर भागात हिंदू महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही ठिकाणी विजयी झाले आणि त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडल्यावर मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री नारायण भास्कर खरे तेथून निवडून आले. महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखातून मराठी माणूस लोकांच्या मतावर दिल्लीला जातो, ही गोष्ट त्या पहिल्याच निवडणुकीत सिद्ध झाली.

पहिल्या लोकसभेच्या इतिहासात मराठी वाचकाने सर्वाधिक थांबावे असे नाव गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचे आहे. कोकणातील मावळंगे गावचे हे घराणे; दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला, वकिली आणि सार्वजनिक जीवन अहमदाबादेत घडले, आणि म्हणूनच गुजरात व महाराष्ट्र दोघेही त्यांना आपले मानतात. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिश राजवटीतील शेवटच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ते ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी निवडून आले. स्वातंत्र्यानंतर संविधान सभा जेव्हा कायदे करण्यासाठी बसू लागली, तेव्हा १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या बैठकांचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

१५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली ती बिनविरोध नव्हती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सोलापूरचे शंकर शांताराम मोरे यांचे नाव सुचवले. मोरे शेतकरी कामगार पक्षाचे. अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या पहिल्या निर्वाचित लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी भाषक समोरासमोर उभे राहिले. मावळंकरांच्या बाजूने ३९४ आणि विरोधात ५५ मते पडली, आणि बाजूच्या ३९४ मतांत खुद्द मोरे यांचेही एक मत होते. प्रतिस्पर्धी उमेदवाराने स्वतःचे मत दुसऱ्याला द्यावे हा ब्रिटिश संसदेतील शिष्टाचार मोरे यांनी पाळला. निवडणूक लढवणे आणि पदाचा मान राखणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत हे त्या एका मताने दाखवले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते विसरायला नको होते.

मावळंकरांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत लोकसभेच्या कामकाजाचा सांगाडा उभा राहिला. सभागृहाचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा हे ठरवणारी कामकाज सल्लागार समिती आणि कार्यपद्धतीचे नियम घडवणारी नियम समिती यांना त्यांनी निश्चित रूप दिले. १९५३ मध्ये त्यांनी शासकीय आश्वासन समिती नेमली, जिचे काम साध्या शब्दांत असे : मंत्री सभागृहात उत्तर देताना ‘विचार करू’, ‘माहिती मागवतो’, ‘कारवाई होईल’ असे जे शब्द देतात, त्यांची नोंद ठेवायची आणि ते पाळले गेले की नाही याचा मागोवा घ्यायचा. जुन्या विधिमंडळात अशा आश्वासनांचे पुढे काय झाले हे विचारायला कोणीही नसे. आता मंत्र्याचा शब्द कागदावर येऊन त्याच्या मागे लागू लागला. संसदेचे अधिवेशन नसताना राष्ट्रपतींच्या नावाने काढल्या जाणाऱ्या अध्यादेशांविषयीही मावळंकरांनी पंतप्रधान नेहरूंना स्पष्टपणे लिहिले होते; हा मार्ग लोकशाहीला धरून नाही आणि तो केवळ निकडीच्या प्रसंगीच वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. ज्या पक्षाच्या बहुमतावर ते निवडून आले होते, त्याच पक्षाच्या सरकारला त्यांनी हे ऐकवले.

त्यांच्याविरुद्धही अविश्वासाचा ठराव आला. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर लोकसभेत चर्चा झाली. असा ठराव विचाराधीन असताना अध्यक्षाने पीठासीन होऊ नये असे संविधानाचे बंधन असल्याने उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले आणि ठराव फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच मावळंकरांचे निधन झाले. त्यांच्याच कार्यकाळात, १४ मे १९५४ रोजी, सभागृहाचे हिंदी नाव ‘लोकसभा’ असे जाहीर झाले होते. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले, आणि ते बिरूद त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही.

या सभागृहात मतदान कसे होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. अध्यक्ष ठराव वाचून दाखवतात, बाजूचे सदस्य एका सुरात ‘होय’ आणि विरोधातले ‘नाही’ म्हणतात आणि कोणता आवाज मोठा यावरून अध्यक्ष निर्णय सांगतात. याला आवाजी मतदान म्हणतात. तो निर्णय कोणी अमान्य केल्यास मतविभागणी होते, म्हणजे दालनाबाहेरचे मार्ग मोकळे करून साडेतीन मिनिटे घंटा वाजवली जाते, जेणेकरून ग्रंथालयात, उपाहारगृहात किंवा समितीच्या खोलीत असलेला सदस्य धावत येऊन आपल्या जागेवर बसू शकेल, आणि मग दारे बंद होऊन प्रत्येक मत मोजले जाते. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा या मोजणीचे मोल देशाने पाहिले. धन विधेयकाच्या बाबतीत लोकसभेचे वर्चस्व आणखी ठळक आहे : राज्यसभेला ते चौदा दिवसांत शिफारशींसह परत करावे लागते, आणि त्या शिफारशी स्वीकारायच्या की नाकारायच्या हे लोकसभा ठरवते.

इंदूर मतदारसंघाचा पुढचा इतिहास शहराच्या बदलत्या सामाजिक रचनेबरोबर चालतो. १९५७ मध्ये काँग्रेसचे कन्हैयालाल खादीवाला आले. १९६२ मध्ये कापड गिरण्यांतील कामगारांचे नेते होमी दाजी अपक्ष म्हणून निवडून आले, आणि गिरण्यांचे भोंगे ज्या शहराचा दिवस ठरवत त्या शहराने दिलेला तो स्वाभाविक कौल होता. प्रकाशचंद सेठी यांनी १९६७, १९७१, १९८० आणि १९८४ अशा चार निवडणुका जिंकल्या. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद आणि केंद्रातील गृहमंत्रिपद त्यांनी भूषवले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता पक्षाचे कल्याण जैन विजयी झाले.

१९८९ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या सुमित्रा महाजन यांनी सेठींचा पराभव केला. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी अमलात आली होती, त्यामुळे त्या निवडणुकीत प्रथमच अठरा ते वीस वर्षांचे मतदारही रांगेत उभे होते. १२ एप्रिल १९४३ रोजी चिपळूणला साठे घराण्यात जन्मलेल्या आणि विवाहानंतर इंदूरच्या झालेल्या सुमित्राताई १९८४-८५ मध्ये शहराच्या उपमहापौर होत्या. १९८९ पासून २०१४ पर्यंत त्यांनी इंदुरातून सलग आठ निवडणुका जिंकल्या. ६ जून २०१४ रोजी सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्षपदी त्यांची बिनविरोध निवड झाली आणि मीरा कुमार यांच्यानंतर हे पद भूषवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला ठरल्या. ज्या शहराला अहिल्याबाई होळकरांच्या न्यायबुद्धीचा वारसा सांगावासा वाटतो, त्या शहरातील ताईंनी अहिल्याबाईंवर ‘मातोश्री’ हे नाटक लिहिले आणि त्याच सुमारास लोकसभेच्या पीठावरून सभागृहाचे कामकाज चालवले, हा योग इंदूरच्या मराठी समाजाने अभिमानाने सांगावा असाच आहे. सदस्यांना अभ्यासपूर्ण माहिती मिळावी म्हणून २०१५ मध्ये त्यांनी अध्यक्षांचा संशोधन उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सभागृहात सतत गोंधळ घातल्याबद्दल काँग्रेसच्या २५ सदस्यांना त्यांनी पाच दिवसांसाठी निलंबित केले, ज्याचा विरोधी पक्षांनी तीव्र निषेध केला. नियमांनी अध्यक्षांना तो अधिकार दिलेला आहे. त्याचा वापर किती करावा हा प्रश्न मात्र त्यानंतर अधिकच गंभीर झाला, कारण डिसेंबर २०२३ च्या एकाच अधिवेशनात लोकसभेच्या शंभर सदस्यांवर निलंबनाची वेळ आली.

मावळंकर आणि महाजन यांच्या दरम्यान लातूरचे शिवराज पाटील (१९९१ ते १९९६) आणि मुंबईचे मनोहर जोशी (२००२ ते २००४) हे आणखी दोन मराठी भाषक अध्यक्ष झाले. पाटील यांच्या कार्यकाळात, १९९३ मध्ये, प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या आणि विधेयके बारकाईने तपासणाऱ्या विभागीय स्थायी समित्यांची व्यवस्था पूर्ण स्वरूपात आली. सभागृहात जे विषय काही तासांत उरकले जातात, त्यांवर या समित्यांत सर्व पक्षांचे सदस्य आठवडेच्या आठवडे बसून काम करतात. गाजावाजा न करता झालेली ही सुधारणा संसदेच्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ सुधारणांपैकी एक आहे.

सभागृहाची आजची स्थिती मात्र काळजी वाटावी अशी आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सोळाव्या लोकसभेच्या ३३१ आणि सतराव्या लोकसभेच्या केवळ २७४ झाल्या. शक्य तितक्या लवकर उपाध्यक्ष निवडावा असे संविधानाचा ९३ वा अनुच्छेद सांगतो, तरीही सतराव्या लोकसभेची सर्व वर्षे उपाध्यक्षाविना गेली. इमारत नवी झाली : २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले आणि तेथील लोकसभेच्या दालनात ८८८ आसनांची सोय आहे. सध्याची सदस्यसंख्या ५४३ असताना एवढी आसने ठेवण्यामागे लोकसंख्येनुसार होणाऱ्या मतदारसंघ पुनर्रचनेचा विचार आहे. महिलांना एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्तीही याच नव्या दालनात २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. आसने वाढली म्हणून चर्चा वाढत नाही. ती बैठकांच्या संख्येने वाढते, आणि ती संख्या सात दशकांत निम्म्याहून खाली आली आहे.

इंदूरनेही अलीकडे या सभागृहाच्या इतिहासात एक वेगळी नोंद केली. २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर भारतीय जनता पक्षाचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने विजयी झाले, आणि त्याच निवडणुकीत २,१८,६७४ मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय निवडला. दोन्ही आकडे देशातील विक्रमी ठरले. मतदाराला निवड करता यावी यासाठीच कनिष्ठ सभागृह असते, आणि मुख्य प्रतिस्पर्ध्याविना झालेल्या निवडणुकीतही दोन लाखांहून अधिक माणसे मतदान केंद्रापर्यंत जाऊन आपले मत नोंदवून आली, ही या शहराच्या नागरिकत्वाची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे.

१९५२ पासूनचे लोकसभेचे कामकाज शब्दशः छापलेले आहे आणि संसदेच्या ग्रंथालयाच्या संगणकीय संग्रहातून ते आता घरबसल्या वाचता येते. मावळंकरांचे निर्णय, होमी दाजींची कामगारांविषयीची भाषणे, सेठींची मंत्री म्हणून दिलेली उत्तरे, सुमित्राताईंनी तीस वर्षांत विचारलेले प्रश्न हे सर्व त्यात आहे. इंदूरच्या मराठी संस्थांनी या शहराच्या लोकसभा सदस्यांची निवडक भाषणे आणि प्रश्न मराठीत संकलित करून प्रसिद्ध करावेत आणि त्यांच्या प्रती शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना द्याव्यात, अशी विनंती या स्मरणिकेच्या वाचकांना आहे.